हात मोकळे असतील तरच

आमचे गायकवाड सर दुसऱ्याचं बोलणं सांगायच्या आधी हातातल्या पिशव्या खाली ठेवतात. इंदापूरच्या भर बाजारात असले तरी. मग ‘तो म्हणाला’ म्हणून स्वल्पविरामासाठी डोळे मिटतात, दोन्ही हातांची दोन-दोन बोटं वाकवून अवतरणचिन्ह उघडतात आणि पहिलं अक्षर कॅपिटल म्हणून टाचा उचलतात. शेवटी आधी पूर्णविराम, मगच बोटं मिटणार. “पूर्णविराम कुंपणाच्या आत! बाहेर ठेवला तर शेळी खाईल.”

नोकरीभर पोरांना इंग्रजी शिकवलं, ते फळ्यावरून अंगात उतरलं.

एकदा बारामतीहून त्यांच्या स्कूटरवर मागं बसून येत होतो. सहज विचारलं, “डॉक्टर काय म्हणाले?” झालं! सरांनी स्कूटर कडेला घेऊन स्टँडवर लावली. मागून उसाचा ट्रॅक्टर बोंबलत आला.

“सर, जाता जाता सांगा की!”

“हँडल सोडू का मग? दुसऱ्याचा शब्द हाय तो, तात्या. हात मोकळे असतील तरच सांगायचा.”

त्यामुळं आमच्या गावात, लासुर्ण्यात, कुणाचं कुणाशी बिनसलं की निरोप सरांकडून जायचे. शब्दाला शब्द पोचायचा, शिवीसकट. शिवीलासुद्धा टाचा उचलायचे.

माझं आणि धाकट्या भावाचं, दत्तूचं, सामाईक विहिरीवरून वाजलं. मोटार आधी कुणी लावायची, एवढंच. पण बोलणं तुटलं, जाणं-येणं बंद झालं. विहिरीचे निरोप सरच नेत-आणत. एका सकाळी मी तापून म्हणालो, “सांगा त्याला, माझ्या दारात पाऊल टाकायचं न्हाय. मेलो तरी.”

सरांनी विचारलं, “हेच शब्द?”

“हेच. एक बदलायचा न्हाय.”

रविवारी दुपारी दत्तू दारात उभा! अंगात इस्त्रीचा सदरा, हातात पेढ्यांचा पुडा. “दादा, जेवायला बोलावलंस म्हणून आलो.” मी तोंड उघडायच्या आत बायकोनं दुसरं ताट मांडलं. मी पाट सरकवला. दत्तू जेवता जेवता रडला, मग मीही.

तेव्हापासून गावात सांगतात, तात्यांनी मोठेपणा दाखवला, धाकट्याला आधी हाक मारली. परवा दत्तूच्या नातीच्या लग्नात तर कुणीतरी माइकवरून सांगितलं. मी फेटा सावरत ऐकून घेतलं, पण जेवण गेलं नाही. मी हाक मारलीच नव्हती. म्हणून हे लिहितोय.

मांडव उतरल्यावर दत्तूला विचारलं, “त्या दिवशी सरांनी नेमकं काय सांगितलं होतं रे?”

“तात्या रविवारी जेवायला ये म्हणतोय, असं. घाईत असतील. पिशव्या खालीसुदिक ठेवल्या न्हाईत.”

दुसऱ्या दिवशी बाजारात सरांना गाठलं. ते चहाच्या टपरीवर एकटेच बसले होते, पिशव्या पायाशी.

“सर, दत्तूला जेवायला ये असं मी कधी म्हणालो होतो?”

सरांनी उरलेला चहा संपवला. दोन्ही पिशव्या उचलल्या.

“हात मोकळे न्हाईत, तात्या,” म्हणाले आणि चालू लागले.