गाण्यांशी भांडणारे तुळशीरामभाऊ

तुळशीरामभाऊ माणसांशी भांडत, तसेच गाण्यांशीही भांडत. पुसदच्या मोटार स्टँडसमोर त्यांचं सायकल दुरुस्तीचं दुकान होतं आणि रस्त्याच्या पलीकडे एक हॉटेल. हॉटेलात ग्रामोफोन होता. तबकडी लागली की हातातला पाना तसाच धरून भाऊ रस्ता ओलांडत आणि भोंग्यासमोर उभे राहून विचारत, "काय म्हन्ते हा? तिच्यावाचून जगत नाही म्हन्ते? मंग गानं कायले म्हनून राह्यला? मर ना बे!"

हॉटेलवाला घाबरून तबकडी बदलायचा. दुसऱ्या गाण्यात एखादा मजूर हसतखेळत दगड फोडत असायचा. मग तर विचारूच नका. "हा कोन्या गावचा मजूर हाय? पत्ता दे त्याचा! उन्हात हसू कसं येते, ते जाऊन पाह्यतो."

भाऊंना राग यायला कारण लागत नसे; जायला मात्र लागे, आणि ते सहसा सापडत नसे. पंक्चर घेऊन आलेल्या गिऱ्हाईकाला आधी काटेरी वाटेनं सायकल का आणली याचा जाब द्यावा लागे, मग ट्यूबला हात लागे. स्वतःच्या नावावरही त्यांचा राग होता. धम्म घेतल्यावर वस्तीतल्या कोणीतरी चेष्टा केली, "भाऊ, नावात राम राह्यलाच की." भाऊ कडाडले, "मायबापानं ठेवलं ते नाव हाय. आता काय कातडं सोलू?" त्यानंतर महिनाभर ते कोणी नुसतं 'भाऊ' म्हटलं तरच वळून बघत.

दीक्षेनंतर चार-पाच वर्षांत आमच्या वस्तीत टिनाचं विहार उभं राहिलं आणि दर रविवारी संध्याकाळी तिथं गाण्याची बैठक बसू लागली. मी प्राथमिक शाळेत मास्तर. मला पेटी वाजवता यायची, म्हणून बैठक माझ्या गळ्यात पडली. कोणीही यावं, आपलं गाणं म्हणावं, बाकीच्यांनी साथ धरावी. फक्त येणाऱ्यानं दोन-तीन गाणी पक्की करून यावीत, एवढंच मागणं होतं.

सगळ्यांना तुळशीरामभाऊ हवे होते. पूर्वी ते गावातल्या देवळाच्या भजनात गात, तेव्हा त्यांचा आवाज पूस नदीच्या पलीकडे ऐकू जाई, असं म्हातारी माणसं सांगत. दीक्षा घेतली त्या दिवसापासून त्यांनी तोंडातून एक ओळ काढली नव्हती. मी दुकानात जाऊन आमंत्रण दिलं.

"येतो," ते म्हणाले. "पन पहिले गानी ठरवू द्या."

ही ठरवाठरवी पेरणीला सुरू झाली, ती कापूस वेचायला आला तरी चालूच होती. शाळा सुटली की मी दुकानात जाई, पालथ्या खोक्यावर बसे आणि एखादं गाणं हळू आवाजात म्हणून दाखवी. भाऊ समोरच्या घमेल्यात ट्यूब दाबून बुडबुडे बघत असत.

"गान्याले बी असंच पान्यात धरा लागते, मास्तर. बुडबुडा निघाला का समजाचं, खोटं हाय."

आणि बुडबुडा निघेच. शांतीचं गाणं म्हटलं तर, "मले शांती हाय काय? नाही ना? मंग माह्या तोंडी कायले देता?" वैऱ्यावरही प्रेम करावं, असं एक सुरेख गाणं होतं. "तुमी करता काय वैऱ्यावर प्रेम? करता? मंग तुमीच म्हना." 'उठा, जागे व्हा' म्हटलं तर, "मी जागाच हाय. जो झोपला असन त्याच्या घरी जाऊन म्हना." हिरव्यागार वावराचं गाणं तर त्यांनी पहिल्याच ओळीला कापलं. "माह्यं वावरच नाही, हिरवं कोठून आनू?"

बरं, बैठकीला न येतील तर तेही नाही. दर रविवारी येत आणि दारापाशी उभे राहून आमच्या ढोलकीवाल्या वासुदेववर खेकसत. "ढोलकी वाजवून राह्यला का भाकर थापून राह्यला?" वासुदेव बिचारा गिरणीत हमाली करून दमून आलेला असे. एकदा तो ढोलकी तशीच टाकून निघून गेला आणि मला त्याच्या घरी जाऊन त्याची समजूत घालावी लागली.

मग एक गोष्ट माझ्या ध्यानात आली. क्वचित एखादं गाणं भाऊंच्या परीक्षेत उतरे. ते ओळ गुणगुणत, मान डोलवत आणि एकाएकी थांबून विचारत, "ह्याले ढोलकी कोन वाजवते?" मी म्हणे, वासुदेव. की गाणं बाद.

असं चार-पाचदा झाल्यावर माझंही डोकं फिरलं. मी खोक्यावरून उठलो. "भाऊ, तुम्हाला गायचंच नाही. सरळ सांगा ना. माझ्या चपला कशाला झिजवता?"

त्यांनी हातातला पंप भिंतीवर फेकून मारला. मला वाटलं, पुढचा माझ्यावर येणार. पण ते खाली बसले आणि घमेल्यातल्या पाण्याकडे बघत बोलू लागले.

खालच्या आळीत गणपत म्हणून एक कास्तकार होता. तीस एकर कपाशी, आणि ढोलकीला सोन्यासारखा हात. लहानपणी दोघांनी ढोरांमागं रानात गाणं-वाजवणं सुरू केलं आणि पुढं ते देवळात आलं. गणपत आत सभामंडपात ढोलकी घेऊन बसे. भाऊ पायरीखाली, पोत्यावर.

"माहा आवाज आत जाये, मास्तर. मी भायेर. पावसात बी भायेर. आन आतली लोकं डोळे मिटून डुलत. दीक्षेच्या आधी शेवटचं गेलतो. गनपतले म्हटलं, आज एक दिवस माह्या संगं पोत्यावर येऊन बस. मंग मी काही तुमच्यात येनार नाही. त्यानं मान बी वर केली नाही. ढोलकीची दोरी ओढत बसला."

ऐकताना माझं अंग पेटलं. त्या देवळासमोरून मीही लहानपणी बाहेरूनच गेलो होतो. मी म्हणालो, "बरं झालं त्याला सोडलं. असल्या माणसाची ढोलकी हवी कशाला?"

भाऊ उसळून उठले. "तुमाले काय समजते बे ढोलकीतलं? त्याच्यासारखा हात जिल्ह्यात नाही! उठा, दुकान बंद करा लागते मले!"

त्याच रागात मी तडक गणपतच्या घरी गेलो. चार शब्द सुनवायचेच असं ठरवून गेलो होतो. तो ओट्यावर बसला होता. गेल्या हिवाळ्यात त्याला अर्धांगवायूचा झटका येऊन गेल्याचं मला ठाऊक नव्हतं. डावा हात मांडीवर पडून होता. मी कोण ते सांगितलं. त्यानं एवढंच विचारलं, "तुळशा गाते काय?"

"नाही गात."

"काहून?"

"ढोलकी नाही म्हणून."

मी सुनवायचे शब्द तसेच घेऊन परतलो.

त्या रविवारी आमची बैठक नुकतीच बसली होती. भाऊ दारापाशी वासुदेववर तोंड टाकत होते. एवढ्यात त्यांच्या शेजारून गणपत आत आला. उजव्या खांद्यावर ढोलकी होती. सतरंजीवर आमच्या मधोमध तो बसला. पेटीवरची माझी बोटं थांबली.

भाऊ आत आले. "कोनी बलावलं तुले?"

"कोनी नाही."

"मंग कायले आला?"

"बसाले आलो."

"गावानं पाह्यलं नाही काय तुले येताना?"

"पाह्यलं ना. भर बाजारातून आलो."

भाऊंच्या मिशा थरथरत होत्या. मला वाटलं, आता हात उगारतात. ते गणपतसमोर मांडी ठोकून बसले आणि ओरडले, "ढोलकी उतरली हाय! चढव पहिले!"

गणपतनं दोरी दातात धरून एका हातानं ढोलकी चढवली. तेव्हा भाऊंनी त्याचा डावा हात पाहिला. पाहिला आणि लगेच छपराकडे बघितलं.

मग त्यांनी गाणं धरलं. इतके महिने मी आणलेल्यांपैकी एकही नाही. मोर्च्यात पावलं जोरात पडावीत म्हणून केलेलं, पोरासोरांना ठाऊक असलेलं गाणं. आवाज असा लागला की टिनं वाजली. पण दुसऱ्या ओळीला गणपतचा डावा हात मागं पडला. पुन्हा पडला. वासुदेव भला माणूस. सांभाळून घ्यायला तो जोरजोरात टाळ्या देऊ लागला.

भाऊ गायचे थांबले आणि आम्हा सगळ्यांवर डोळे वटारले. "घाई कायची हाय तुमाले? मोटार सुटून राह्यली काय?"

पुन्हा सुरुवात केली. या वेळी निम्म्या चालीनं. मोर्च्याचं ते गाणं म्हातारा माणूस वावरांमधल्या पांदणीनं घरी जावा तसं चालू लागलं. कोणाची टाळी जरा पुढे गेली की भाऊ गाता गाता त्याच्याकडे असं बघत की त्याचे हात जागीच थांबत. गणपतचा उजवा हात खणखणीत पडे. डावा उचलायला त्याला वेळ लागे, आणि तो ढोलकीवर पडेपर्यंत भाऊ डोळे मिटून सूर धरून ठेवत.