टेकडीची ओटी

पहिल्यांदाच वाळूच्या टेकडीवर गाडी चढवायची असेल, तर ती टेकडी आधी आठ दिवस अर्जदाराच्या घरी राहायला येते. वैजापूरच्या हेमलता दुधाळ यांच्याकडे ती सोमवारी सकाळी सव्वानऊला टेम्पोतून आली.

टेकडी मध्यम बांध्याची होती. खिडकीच्या कठड्याएवढी उंच आणि दारापासून समोरच्या भिंतीपर्यंत लांब. दिवाण अंगणात काढल्यावर बैठकीची खोली तिला बरोबर पुरली. टेकडी-कार्यालयाचे गवंडे साहेब सोबत आले होते. त्यांनी तिची उतरती बाजू दाराकडे आणि उभी बाजू भिंतीकडे, म्हणजे ती आपल्या गावी असते तशीच, बसवून घेतली आणि सूचना वाचून दाखवल्या.

"पंखा लावायचा नाही. झाडू जवळ न्यायचा नाही. वजनात, आकारात फेरफार चालणार नाही. पुढच्या सोमवारी मी हा फॉर्म तिच्यापुढे धरीन. पसंत असेल तर तिची वाळू घसरून रकान्यात येते. तीच सही. मग पंधरा दिवसांत तिच्या गावी येऊन गाडी चढवायची."

"आणि नाही घसरली तर?" हेमलताने विचारलं.

"अर्ज आयुष्यात एकदाच करता येतो, बाई."

हेमलता एक्कावन्न वर्षांची होती. तिची पिठाची गिरणी होती आणि बावीस वर्षं गिरणी बंद करताना ती जाळीखालच्या पिठाच्या ढिगावर बोटाने वाट काढत आली होती: खालून वर, न थांबता, माथ्यावरून पलीकडे. आता दारात चारही चाकांनी ओढणारी जुनी जीप होती आणि घरात टेकडी. पहिल्या दिवशी ती तीनदा कुकरला शिट्टी लावायला विसरली.

तिने तयारी टेकडीच्या समोरच केली. लपवाछपवी बरी नव्हे, असं तिचं मत होतं. सकाळी गिरणीत जाण्याआधी ती टेकडीसमोर खुर्ची मांडायची, हातात परात धरायची आणि स्टिअरिंगसारखी फिरवायची. नवरा भास्कर शेजारी पाटावर बसायचा, कारण पहिल्या फेरीला शेजारच्या जागेसाठी त्याचं नाव दिलेलं होतं.

"चढावर अॅक्सिलरेटरवरून पाय काढलास," तो म्हणायचा.

"नाही काढला."

"काढलास. तिनेही पाहिलं. बघ, कड कशी ताठ झाली."

मग हेमलता टेकडीकडे बघून "चुकलं" म्हणायची आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करायची.

बुधवारी तिने जीपच्या चाकांतली हवा कमी करून पाहिली. वाळूवर चाक पसरट लागतं. बत्तीस होती ती अठरावर आणली. चाक असं ढेकर दिल्यासारखं खाली बसलं, तेव्हा खिडकीतून बघणाऱ्या टेकडीच्या माथ्यावरून चिमूटभर वाळू हळूच घरंगळली. "हसली!" हेमलता ओरडली. भास्करने गुरुवारी फावडं चालवायचा सराव केला, गाडी रुतलीच तर म्हणून. जीपला मागे उंच काठी बांधून तिच्यावर केशरी झेंडी लावली, म्हणजे पलीकडच्या उतारावरून येणाऱ्याला माथ्याआधीच दिसावं. सगळं जमत होतं. हेमलताला रात्री झोप लागत नव्हती आणि त्याचं तिला काही वाटत नव्हतं.

शनिवारी येवल्याहून भास्करची मोठी बहीण आली. हेमलता तिला वन्सं म्हणायची. वन्संनी उंबऱ्यातूनच टेकडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"सहा दिवस झाले ना येऊन? आणि अशीच कोरडी बसवून ठेवलीय?"

"वन्सं, ओलं चालत नाही तिला."

"मी पाण्याचं म्हणत नाही गं. कुणी दोन शब्द बोललंय का तिच्याशी? का आपली परात फिरवत बसलीस पुढ्यात?"

वन्संनी त्या दिवसापासून टेकडीशेजारीच भाजी निवडली. येवल्याच्या सगळ्या बातम्या तिला सांगितल्या. रविवारी त्यांनी भास्करला बाजूला घेतलं.

"सवाष्ण आहे का रे ती?"

"नवरा वारा आहे म्हणतात," भास्कर म्हणाला.

"असूदे. असतात तसे फिरतीवरचे."

सोमवारी सकाळी हेमलता जीपमध्ये डिझेल भरायला गेली. परत आली तर टेकडीच्या माथ्यावर हळदीकुंकू होतं, नारळ होता, खण होता आणि वन्सं हात जोडून उभ्या होत्या.

"वन्सं, हे काय केलंत!"

"ओटी भरली. आठ दिवस राहिलेली बाई आपल्या घरातून रिकामी जाईल?"

"वजनात फेरफार चालत नाही!"

"पाच मुठी तांदळाचं कसलं आलंय वजन?"

हेमलता धावली, पण तिने हात घालायच्या आत माथा सावकाश पुढे सरकला आणि नारळ, खण, तांदूळ सगळं पोटात गेलं. वर फक्त कुंकवाचा ठिपका राहिला. त्याच वेळी दाराशी टेम्पो थांबला.

गवंडे साहेबांनी ठिपका पाहिला. पायातल्या चपला काढल्या, फॉर्म बाजूला ठेवला आणि विचारलं, "आत काय आहे?"

हेमलताने सगळं खरं सांगितलं. "माझ्याकडे गिरणीची चाळण आहे. तांदूळ वर राहतील, वाळू खाली. तासाभराचं काम."

"चाळता येत नाही," गवंडे म्हणाले. "चाळली की टेकडी राहत नाही, वाळू होते."

त्यांनी हाताने नारळ काढायचा प्रयत्न केला. बाह्या सरसावून तीन ठिकाणी हात घातला, तिन्ही ठिकाणी वाळू घट्ट झाली.

"देत नाही ती."

"का देईल?" वन्सं म्हणाल्या. "दिलेली ओटी परत मागतात का कुठे?"

गवंडे खाली बसले. "वजनाचं मी बघितलं असतं. स्वीकृत भेट म्हणून नोंद होते. पण ओटी घेतली म्हणजे ती या घरची माहेरवाशीण झाली. आणि नियम चौदा: नात्यातल्या टेकडीवर गाडी चालवता येत नाही."

हेमलता जीपच्या किल्लीकडे बघत राहिली. बाहेर झेंडी फडफडत होती.

"माहेरवाशीण कुणाची?" वन्संनी एकदम विचारलं.

"या घरची."

"हे घर हिचं सासर आहे. माहेर माझं आणि भास्करचं. ओटी मी भरली. तेव्हा ती बहीण झाली ती आमची. हेमलताची कोण?"

गवंडेंनी बोटांवर मोजलं. "नणंद."

"आहे का नणंद तुमच्या नियमात?"

त्यांनी पुस्तिका काढून वाचलं. आई, सासू, मुलगी, सून, बहीण, मावशी, आत्या. पान उलटून पुन्हा वाचलं. "नणंद नाही. छपाईत राहून गेलं असेल."

"राहून गेलेलं नाही. लिहिणारी कुणाची तरी भावजय असणार."

गवंडेंनी नात्याच्या रकान्यात 'नणंद' लिहिलं आणि शेजारच्या जागेवरचं भास्करचं नाव खोडलं. भाऊ म्हटल्यावर त्याला गाडीत बसता येत नव्हतं. भास्करची त्याबद्दल तक्रार नव्हती. "सख्ख्या बहिणीच्या डोक्यावरून मी नाहीच जाणार," तो म्हणाला.

"वय?" वन्संनी विचारलं. "थोरली का धाकटी?"

"नोंद अकरा हजार वर्षांची आहे."

"मग मलाही थोरली."

फॉर्म टेकडीपुढे धरला. बराच वेळ काही झालं नाही. मग माथ्यावरून एक बारीक धार निघाली, उतारावरून वळत वळत खाली आली आणि बरोबर रकान्यात थांबली. तिच्यात तांदळाचा एक दाणा होता. गवंडेंनी त्याच्यासकट शिक्का मारला.

सहीनंतर बाराव्या दिवशी, सकाळी साडेसातला, हेमलता टेकडीच्या गावी पोचली. तिथे टेकडी खूपच मोठी होती. घरी येताना तिने अंग चोरलेलं असणार. भास्कर आणि वन्सं लांब बाभळीखाली उभे राहिले. हेमलताने चाकांतली हवा अठरावर आणली, झेंडी तपासली, पट्टा बांधला. मग पट्टा सोडून खाली उतरली, पदर नीट केला आणि पायथ्याशी वाकून नमस्कार केला.

"वन्सं, येऊ का?"

लांबून तिच्या दुसऱ्या वन्सं ओरडल्या, "विचारत काय बसलीस? ये म्हणतेय ती!"

वरची कड हळूच खाली बसली आणि चढ मऊ झाला. हेमलता गाडीत बसली, पहिला गिअर टाकला आणि माथ्यापर्यंत पाय काढला नाही.