जन्माच्या खिडकीतली खुडूक

बायको बहिणीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा दारात उभं राहून तिने नवऱ्याला कोंबडीबद्दल सगळं नीट समजावून सांगितलं. नवऱ्याने त्यातलं पहिलं अर्धं ऐकलं. दुसरं अर्धं सुरू होता होता तो "आलोच हं" म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेला आणि परत आला तेव्हा बायको गाडीत जाऊन बसली होती. दुसरं अर्धं तिने बहुधा दरवाजाला सांगितलं असावं.

गृहस्थ वाईट नव्हता, हे आधीच सांगून टाकतो. त्याच्या पायाला भिंगरी होती, इतकंच. नोंदणी कार्यालयात जन्माचे दाखले देण्याच्या खिडकीवर तो कारकून होता, पण त्या खिडकीत त्याचं तोंड पाहिलेला माणूस शोधूनही सापडला नसता. खुर्चीच्या पाठीवर कोट, टेबलावर टोपण काढलेलं पेन आणि शेजारच्याकडे ठेवलेला निरोप, "आलोच." ऑफिसात सगळे त्याला आलोचराव म्हणत. दाखला हातात पडेपर्यंत बाळ स्वतःच्या पायांनी चालत सही करायला येईल, असं रांगेतले लोक म्हणत आणि त्यात फारशी अतिशयोक्ती नव्हती. घरीही तोच प्रकार. एक भिंत अर्धी रंगवलेली, एक फळी एकाच खिळ्यावर लोंबणारी.

आता अडगळीच्या खोलीत टोपलीत खुडूक बसली होती ती काळी कोंबडी. खुडूक बसली म्हणजे अंडी उबवल्याशिवाय जागची हलणार नाही असा हट्ट धरून बसली. पण तिच्याखालची अंडी तिची नव्हती. ती होती एका ठिपक्यांच्या कोंबडीची, आणि ती ठिपक्यांची कोंबडी म्हणजे बायकोच्या वडिलांची शेवटची भेट. वडील गेले, मागोमाग ठिपकीला बोक्याने नेलं. उरली ही अंडी. म्हणून तर ऐन पिल्लं निघायच्या वेळेला निघताना बायकोचा जीव खालीवर होत होता. "या खेपेला एवढं एक काम शेवटपर्यंत करा," ती म्हणाली होती. "अंडी गार पडली तर संपलं सगळं." हे वाक्य पहिल्या अर्ध्यातलं होतं, ते त्याने ऐकलं होतं. बायको आजवर फार बोलली नव्हती. तेच त्याला जास्त लागायचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी आंघोळ उरकून तो अडगळीच्या खोलीत डोकावला तर टोपली उघडी. अंडी आहेत, कोंबडी नाही. बाई मागच्या अंगणात धुळीत पाय वर करून लोळत होत्या. जगात अंडी नावाची वस्तू असते हे त्यांच्या गावीही नव्हतं. त्याने अंड्यांना हात लावला. गार नव्हती, पण हाताला लागायला हवी तेवढी ऊबही लागेना. त्याचं धाबं दणाणलं.

कुंपणापलीकडे शेजारचे मास्तर जोर काढत होते. उभा जन्म त्यांनी शाळेत कवायत शिकवण्यात घालवला होता आणि जगातल्या कुठल्याही प्रश्नावर त्यांचं उत्तर तयार असे. याने कोंबडीकडे बोट दाखवलं. मास्तरांनी कंबरेवर हात ठेवून तिची पाहणी केली.

"बैठक मोडली," ते म्हणाले. "एकदा मोडली की मोडली. ही आता परत बसायची नाही."

"मग अंडी?"

"अंड्यांना ऊब पाहिजे. कोण देतंय याच्याशी त्यांना कर्तव्य नाही."

मग दोघांनी मिळून कोंबडीला पकडून जबरदस्तीने बसवायचा एक प्रयत्न करून पाहिला. मास्तर शिट्टी फुंकत एका बाजूने, हा टॉवेल पसरून दुसऱ्या बाजूने. कोंबडीने आधी मास्तरांच्या दोन पायांमधून वाट काढली, मग टॉवेलवरून उडी मारली आणि भिंतीवर चढून पलीकडच्या गल्लीत नाहीशी झाली. धड कोंबडी नाही, धड ऊब नाही, आणि ऑफिसची वेळ झालेली. त्यात आजच नव्या मोठ्या बाई रुजू व्हायच्या होत्या. रजा मागायची तर कारण काय सांगणार, कोंबडी कामावर आली नाही म्हणून?

शेवटी त्याने काय केलं, तर बायकोची लोकरीची शाल पोटाला गुंडाळली, तिच्या घड्यांमध्ये एकेक अंडं बसवलं, वरून स्वेटर चढवला, त्यावर कोट घातला आणि निघाला. एरवी वाऱ्यासारखा जाणारा माणूस त्या दिवशी पावलापुढे पाऊल टाकत चालला होता. एका म्हातारीने त्याला मागे टाकलं आणि वळून विचारलं, हात देऊ का बाळा. त्याने हातही घेतला.

खुर्चीवर बसला तो बसलाच. उठायची सोय नव्हती, वाकायची नव्हती, जोरात हसायचीसुद्धा नव्हती. खिडकीबाहेरच्या रांगेला आधी कळेचना की आत माणूस आहे. सवयीने सगळे भिंतीला टेकून उभे होते. पहिल्या आजोबांनी नातवाच्या दाखल्याबद्दल नुसतं विचारायचं म्हणून विचारलं आणि याने तिथल्या तिथे दाखला काढून हातात दिला. आजोबा हातातल्या कागदाकडे आणि याच्याकडे आळीपाळीने बघत राहिले. त्यांनी घरून डबा आणला होता, आता तो कुठे खायचा असा त्यांना प्रश्न पडला.

खरं कारण वेगळंच होतं. जो तो खिडकीतून आत वाकायचा आणि कोणाचा तरी कोपर पोटाला लागेल या धास्तीने हा समोरच्याला लवकरात लवकर वाटेला लावत होता. पण कारण कोण विचारतो? रांग पुढे सरकली. बातमी बाहेर गेली तशी रांग वाढली. वर्षभर आशा सोडून बसलेली माणसं घरून चपला घालून निघाली. शिपाई दोनदा येऊन त्याला बघून गेला. चहाची वेळ झाली तरी आलोचराव जागेवर, हे पाहून तो खरोखर घाबरला आणि तब्येत बरी आहे ना म्हणून विचारू लागला.

अशातच मोठ्या बाई आल्या. खुर्च्या सरकल्या, सगळे उभे राहिले. हा एकटा बसून. बाईंच्या कानावर या खिडकीची कीर्ती आधीच गेली होती. आज या माणसाची बदली लांबच्या गोदामात करायची, असं ठरवूनच त्या आल्या होत्या. पण समोर बघतात तर रांग भराभर सरकतेय आणि गृहस्थ दोन्ही हातांनी पोट धरून घामाने डबडबलेले.

"तुम्हाला बरं नाही का?" बाईंनी विचारलं.

"बरं आहे," तो म्हणाला. "फक्त उठता येत नाही."

"पोटात दुखतंय?"

"दुखत नाही. जपावं लागतं."

बाई काहीशा विरघळल्या. घरी जा म्हणाल्या, तर तो नको म्हणाला, रांग आहे. आता हे उत्तर त्याच्या तोंडून ऐकून अख्ख्या ऑफिसला गहिवरून आलं. बदलीची गोष्ट बाईंच्या ओठांवरून मागे फिरली. शिपायाने कुठूनशी गरम पाण्याची रबरी पिशवी भरून आणली, आणि आलोचरावांनी ती अशा काही कृतज्ञतेने स्वेटरखाली सरकवली की शिपायाच्या डोळ्यांत पाणी आलं. आजवर या माणसाबद्दल आपण काय काय बोललो, असं प्रत्येकालाच वाटायला लागलं.

पिशवी नीट बसवताना त्याच्या बोटाला काहीतरी खरखरीत लागलं. त्याने हळूच स्वेटर वर करून पाहिलं. एका अंड्याला तडा गेला होता.

त्याच्या काळजाचं पाणी झालं. एवढं सांभाळून शेवटी आपल्याच हाताने फुटलं. ठिपकीचं अंडं, तिच्या वडिलांचं अंडं. बायकोला तोंड कसं दाखवायचं हे त्याला कळेना. तिने ओरडून घेतलं असतं तर परवडलं असतं, पण ती ओरडणार नव्हती, नुसतं बरं म्हणणार होती. खिडकीबाहेर बाळाला कडेवर घेतलेली एक बाई उभी होती. तिला जरा थांबायला सांगून त्याने खणातून चिकटपट्टी काढली, एक तुकडा कापला आणि तड्यावर लावायला वाकला. तेवढ्यात तड्याच्या आतून कोणीतरी त्याच्या बोटावर टोच मारली.

"चिव," पोट म्हणालं.

खिडकीबाहेरच्या बाळाने सगळ्यात आधी मान वळवली. मग बाळाच्या आईने. मग शेजारच्या टेबलाने. दुसऱ्यांदा चिव झालं तेव्हा टंकलेखकाची बोटं थांबली, आणि तिसऱ्यांदा झालं तेव्हा मोठ्या बाई केबिनमधून बाहेर आल्या. आता लपवण्यात अर्थ नव्हता. त्याने कोटाची बटणं काढली, स्वेटर वर केला आणि मान खाली घालून सगळं सांगून टाकलं. टोपली, मास्तर, कोंबडीचं धुळीत लोळणं, वडील, ठिपकी, बायको.

बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मग अंड्यांना हात लावून पाहिला.

"आमच्या घरी कोंबड्या होत्या," त्या म्हणाल्या. "तुमची कोंबडी पळाली नव्हती हो. खुडूक कोंबडी दिवसातून एकदा उठतेच. चार दाणे खाते, पाणी पिते, धुळीत अंग घोळते आणि परत येऊन बसते. तेवढ्याने अंड्यांना काही होत नाही."

"पण ती जागा सोडून..."

"तुम्ही रोज किती वेळा जागा सोडता? म्हणून कोणी तुमचं टेबल पोटाला बांधून घरी नेलं का?"

"ती आलोच म्हणून गेली असेल, साहेब," शिपाई म्हणाला, आणि मग मात्र रांगेसकट सगळे फुटले. आलोचराव हसले नाहीत. बायकोने दरवाजाला सांगितलेलं दुसरं अर्धं बहुधा हेच असावं. जिने निदान परत यायचं म्हणून जागा सोडली होती तिला आपण पळपुटी ठरवलं, आणि तेही आपण. त्याला आतून फार लाज वाटली.

पण अंडं कोणाच्या लाजेसाठी थांबत नाही. बाईंनी सांगितलं, कोणी हात लावू नका, कवच त्याचं त्यालाच फोडू दे. त्यामुळे दुपारभर आलोचराव तसेच बसून दाखले देत राहिले आणि ज्याला दाखला मिळाला तोही घरी जाईना. ऑफिस सुटायच्या सुमाराला, जन्माच्या नोंदी होतात त्याच टेबलाशी, शालीच्या घडीतून एक ओलं, चिडलेलं पिल्लू बाहेर आलं. टाळ्या वाजल्या. त्याने डोळे उघडून जगात पहिलं काही पाहिलं असेल तर ते आलोचरावांची हनुवटी.

बाईंनी आपली गाडी दिली. घरी आला तर काळी कोंबडी कधीचीच परत आलेली. टोपली रिकामी दिसल्यावर तिने शेजारची कांद्यांची पाटी पसंत केली होती आणि अंग फुगवून, डोळे अर्धे मिटून ती कांदे उबवत होती. त्याला बघताच तिने जो आवाज काढला तो लिहिण्यासारखा नाही. त्याने एकेक कांदा काढून घेतला, एकेक अंडं सरकवलं, शेवटी ते पिल्लूही, प्रत्येक वेळी टोच खाल्ली आणि एकदाही तक्रार केली नाही.

बायको परतली तेव्हा सगळी अंडी फुटून कोंबडीभोवती पिल्लांचा कल्ला चालला होता. दोन-तीन तर थेट ठिपकीच्या अंगाची. ती दारातच खाली बसली आणि पदराने डोळे पुसायला लागली. कोंबडीला कुरवाळत म्हणाली, हिच्या जिवावरच तर मी गेले, बाईने अंडी एकदाही गार पडू दिली नसतील. नवऱ्याने मान डोलावली. मास्तरांनी कुंपणापलीकडून काही बोलायला तोंड उघडलं, पण याने त्यांच्याकडे असं पाहिलं की ते जोर काढायला लागले.

घोटाळा केला एका पिल्लाने. नवरा जेवायला बसला तसं ते घोळक्यातून सुटून धावत आलं, मांडीवर चढलं आणि स्वेटरखाली शिरून गप्प झालं. बायकोने ते बघितलं. तिने कोंबड्या जन्मभर पाळल्या होत्या.

"हे असं फक्त आईच्या अंगात शिरतं," ती म्हणाली. "काय केलंत?"

त्याने सगळं सांगितलं, चिकटपट्टीसकट. ती आधी हसली, इतकी की तिला भिंतीचा आधार घ्यावा लागला. मग हसायची थांबली.

"दिवसभर बसून होतात? चहालाही नाही उठलात?"

"कसा उठणार?" तो म्हणाला. "गार पडली असती."

तेवढ्यात बाहेर कोणीतरी कडी वाजवली. तो सवयीने उठायला गेला, पण स्वेटरखाली पिल्लाला झोप लागली होती. तिने त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला खाली बसवलं. कडी वाजत राहिली. तिने त्याचं ताट पुढे ओढून हाताशी ठेवलं, पाण्याचा तांब्या जवळ सरकवला, उजेड डोळ्यांवर येऊ नये म्हणून पडदा लावला आणि दार बघायला स्वतः गेली. "हळू बोला," बाहेर ती कोणाला तरी सांगत होती, "आत आमचे हे बसलेत."