धुरांड्यावरचा टंबलर

सेतूरावांच्या गाडीला धुरांडं होतं. सायलेन्सरचा पाइप गाडीच्या मागे, खाली असतो. यांनी तो वळवून, मागच्या खांबाला पट्ट्यांनी आवळून, थेट टपाच्या वर नेला होता. तोंडावर एक स्टीलचा, कॉफी प्यायचा टंबलर बिजागरी लावून पालथा घातलेला. गाडी उभ्या उभ्या चालू असली की धूर टंबलर उचलायचा आणि तो पडायचा. टण्, टण्, टण्. इमारतीतली मुलं गाडीला इडलीपात्र म्हणत.

दोन हजार सालानंतरची ती वर्षं. चेन्नईत, वेलचेरीला, तळ्याच्या पोटात इमारती उभ्या राहत होत्या आणि त्यातल्याच एकीत मी मुलाकडे राहायला आले. जेमतेम साठीची होते, म्हणजे अगदीच अल्लड. मुलगा आणि सून शोळिंगनल्लूरच्या ऑफिसात. सकाळी जात, दिवे लागल्यावर येत. मला तमिळ येई ते भाजी घेण्यापुरतं. दिवसभर मी भिंतीशी पुणेरी मराठीत बोलत असे.

अशात एकदा जिन्यात एक उंच, वाळका गृहस्थ म्हणाला, "नमस्कार अक्का. तुम्ही कोठील?"

बखरीतलं पान उठून जिन्यात उभं राहावं, तसं वाटलं. सेतूराव तंजावरकडचे मराठी. पिढ्यान्‌पिढ्या तिकडेच गेलेल्या. बोलणं जुनं, वर तमिळचा हेल. श्रीपेरुंबुदूरच्या एका कारखान्यात नकाशे काढून निवृत्त झालेले. खालच्या मजल्यावर एकटेच राहत. मी लगेच त्यांचं मराठी दुरुस्त करायला घेतलं. "नोको नव्हे, नको." ते शांतपणे म्हणाले, "सरी, बरें. तुम्ही नको म्हणा, आम्ही नोको म्हणूं. कॉफी नोको असेल तर सांगा."

धुरांड्याचं कारण विचारलं की एकच उत्तर. "पाणी पुसून येतें काय, अक्का?" पुसून म्हणजे विचारून. पाऊस पडला की वेलचेरीच्या रस्त्यांवर पाणी तुंबतं, सायलेन्सरात शिरतं, गाडी बंद पडते. म्हणून दारांच्या फटींना सायकलच्या ट्यूबची पट्टी, बॅटरी मागच्या काचेखाली फळीवर, आणि पाइप वर. उन्हाळ्यात, नळाला थेंब नसताना, हा माणूस गाडीखाली झोपून पाण्याची तयारी करत असायचा.

वैरी एकच, ट्रॅफिक पोलीस. असली गाडी रस्त्यावर चालत नाही, कंपनीने दिली तशीच हवी. पकडलं तर पाइप उतरवतील, कदाचित गाडीच नेतील, हा घोर त्यांना बारा महिने. वांगी आणायची तरी गल्लीबोळांतून, देवळामागून, गाईंच्या मधून जात. पोंगलला ऊस बांधून पाइप झाकत. ते छान जमे. पण ऐन पावसाळ्यात ऊस आणायचा कुठून? एकदा त्यांनी पाइपला एका पक्षाचा झेंडा बांधला. त्या दिवशी पोलिसाने सलाम केला. पुढच्या चौकात दुसऱ्या पक्षाच्या पोरांनी अडवलं.

"काढून टाका ना एकदाचा," मी म्हणायची.

"पाऊस जाऊं दे. मग नेऊं देत."

पाऊस गेला की पुढचा पाऊस असायचाच.

दातांच्या डॉक्टरकडे मला तेच नेत. पुढे डावीकडे बसायला गेले की म्हणत, "तेथें नोको. मागें." ती डावी सीट त्यांनी बाजेसारखी आडवी केली होती, वर उशी. मी मागे अंग चोरून बसे. वाटायचं, परक्या बाईच्या शेजारी बसायला लाजतायत. माझे दात तेव्हा डॉक्टरच्या कपाटात होते, तरी माझा हा समज.

ऐप्पसी महिना लागला, तिकडच्या पावसाचा. आभाळ काळंकुट्ट. कवळी बसवायची होती म्हणून निघालो, आणि बोळातून बाहेर पडताच समोर सब-इन्स्पेक्टर. एरवी भांडायला पुढे असणारे सेतूराव स्टिअरिंग धरून बसून राहिले. मी पदर तोंडावरून ओढून घेतला. चेन्नईत मला ओळखणारं कुत्रं नव्हतं, पण अब्रू होती.

त्याच्या हवालदाराने पट्ट्या सोडल्या, पाइप उपटला. टंबलर टणटणत माझ्या दारापाशी आला. मी उचलणार तोवर इन्स्पेक्टरने उचलला. भांड्यांवर नाव घालायची रीत आपल्याकडे तशीच तिकडे. काजळीखाली तमिळ अक्षरं होती. त्याने अंगठ्याने पुसून वाचलं, "रुक्मिणी. कोण ही?"

"माझी बायको," सेतूराव तमिळमध्ये म्हणाले.

"मग भांडं धुरांड्यावर कशाला? घरी रागवत नाहीत?"

सेतूराव बोलू लागले. माझं तमिळ भाजीपुरतं, पण ते सगळं मला कळलं. अशाच पावसात तिला आस्पत्रीला, म्हणजे इस्पितळात, नेत होते. पुढच्या वळणावर पाण्यात गाडी बंद पडली ती पुन्हा सुरू झाली नाही. डाव्या सीटवर ती बसलेली, आडवं व्हायला जागा नाही. कॉफी मागत होती. माणसं होडी घेऊन आली तेव्हा संध्याकाळ झाली होती.

पाइप इन्स्पेक्टरने परत दिला नाही, नियम होता. टंबलर मात्र रुमालाने लख्ख पुसून दोन्ही हातांनी दिला.

त्याच आठवड्यात पाणी आलं. खाली बघते तर फाटकापाशी, अर्धी चाकं बुडतील एवढ्या पाण्यात, गाडी चालू. आत सेतूराव. वरचा पाइप गेलेला, इंजिन बंद केलं तर खालच्या सायलेन्सरात पाणी शिरेल, म्हणून बसून होते. मी थर्मासात कॉफी घेतली आणि साडी खोचून पाण्यात उतरले. सवयीने मागचं दार उघडायला गेले.

त्यांनी डाव्या सीटवरची उशी उचलून मांडीवर घेतली. "बसा, अक्का."

पुढच्या खणातून टंबलर काढला, मी कॉफी ओतली. काचेवर पाऊस. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं.

"कोणाला न्यायचंय?" मी विचारलं.

त्यांनी घोटभर कॉफी घेतली, वळणाकडे बघत.

"आजारी पडणारें माणूस पुसून पडतें काय?" ते म्हणाले, आणि अॅक्सिलरेटर जरासा दाबून ठेवला.