अर्धी नळी

चष्मेवाल्यांच्या तोंडाला पाणी सुटेना. डीएनए तपासणीची इवलीशी नळी हातात धरून ते सकाळपासून स्वयंपाकघरात बसले होते, आणि थुंकी काही नळीवरच्या रेघेपर्यंत पोचत नव्हती. बायकोने समोर लिंबू कापलं, तर तिच्याच तोंडाला पाणी सुटलं.

"अहो, एवढी हौस होती ना? मग थुंका की!"

हौस कसली, ओढ होती. त्यांचं आडनाव शहरात दुसऱ्या कोणाचंच नव्हतं. वडील पोरवयात एकटेच इथे आले होते. कुठून, ते त्यांनाही धड आठवत नसे. चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाईक विचारायचं, "हे आडनाव कुठलं हो?" चष्मेवाले म्हणायचे, "जरा खालची ओळ वाचा बघू." लग्नात बायकोकडून बस भरून माणसं आली होती आणि त्यांच्याकडून शेजारी. आपल्या आडनावाचा एखादा तिरसट चुलता तरी असावा, निदान त्याच्याशी भांडता यावं, असं त्यांना फार वाटायचं.

अर्धी नळी ओट्यावर ठेवून ते अंघोळीला गेले. बाहेर आले तर नळी गायब.

"बंद करून टपालात टाकून आलो, जावईबापू," सासरे म्हणाले. ते लेकीकडेच राहायचे.

"अहो बाबा, अर्धीच होती ती!"

"होईल हो त्यात," म्हणत सासऱ्यांनी वर्तमानपत्र तोंडापुढे धरलं.

निकाल आला तेव्हा चष्मेवाल्यांनी आधी चष्मा पुसला. एकाच घराण्यातली माणसंच माणसं जुळली होती, आणि सगळ्यांचं आडनाव बायकोच्या माहेरचं!

बायकोने कागद ओढून घेतला. "म्हणजे तुम्ही आमच्यातलेच? अहो, मग आपण एकमेकांचे कोण?"

त्या दिवसापासून तिने 'अहो' म्हणणं बंद केलं. नुसतीच भांडी वाजवून जेवायला बोलवायची. तिच्या आत्याचा फोन आला, "मला पहिल्यापासून वाटतच होतं. दोघांचं कपाळ बघ, सारखंच!"

चष्मेवाले मात्र आतून हरखले होते. जुळलेल्यांपैकी एकाने कळवलं, 'दादा, वाट बघतोय.' दुकानात ते वाचताना त्यांचे डोळे भरून आले. 'डोळ्यात भिंगाची धूळ गेली,' असं त्यांनी गिऱ्हाइकाला सांगितलं.

अखेर लेकीची घालमेल सासऱ्यांना बघवेना. "जावईबापू, नळी मी भरली. आपल्या घरातून अर्धी वस्तू जाणं बरं दिसेना."

"आणि त्यात माझं होतं ते?"

"धुऊन टाकलं. भेसळ कशी करणार?"

बायको हसत सुटली, रडली आणि पुन्हा हसली. तिला नवरा परत मिळाला होता. चष्मेवाल्यांना हसता आलं नाही. मिळालेलं अख्खं घराणं हातचं गेलं, आणि ते मुळात सासुरवाडीचंच होतं.

त्यांनी नवी नळी मागवली आणि स्वतःच भरली. निकाल आला : जुळणारं कोणीही नाही. त्यांनी कागद जवळ धरला, लांब धरला, चष्मा बदलला. अक्षरं तीच राहिली. सासरे त्या दिवशी नीट जेवले नाहीत.

पुढे पुष्कळ दिवसांनी कुठल्याशा लांबच्या शहरातून एका बसचालकाचा निरोप आला. आडनाव तेच, जसंच्या तसं.

'काका, तपासणीत फक्त तुम्हीच जुळलात. इकडे या आडनावाचं आमचं एकच घर. आपण मूळचे कुठले, हे बाबा शेवटपर्यंत विचारत होते. तुम्ही वडीलधारे, तुम्हाला नक्की ठाऊक असेल.'

चष्मेवाले कितीतरी वेळ त्या 'काका'कडेच बघत राहिले. मग त्यांनी लिहिलं, 'माहीत नाही.' ते खोडलं. आयुष्यात कोणाला चुकीचा नंबर न दिलेल्या माणसाने पुन्हा लिहिलं :

'आपण मूळचे इथलेच. घरी ये.'