ड्रॅगनचे दोष आणि माझे गुण

धारवाडात पुस्तकावर बोलावं तर मीच! हे मी म्हणत नाही, माझ्या भाषणाला आलेली माणसं म्हणतात. दोघं वारली, नाहीतर विचारून घ्या म्हटलं असतं.

तर स्मृतीनं कादंबरी लिहिली. स्मृती म्हणजे माझ्या पुतण्याची, उमेशची मुलगी. उमेशचं सुभाष रोडला कापडाचं दुकान. पोरगी दोन वर्षं माळ्यावर बसून लिहीत होती, आणि खाली उमेशला वाटत होतं बँकेच्या परीक्षेचा अभ्यास चाललाय! छापून आलं तेव्हा कळलं. चारशे बारा पानं. बर्फाचं राज्य, एक राजकन्या आणि तिचा प्रियकर राजपुत्र. तो दिवसा ड्रॅगन, रात्री माणूस!

उमेश माझ्याकडे आला. चेहरा ओल्या गोणपाटासारखा.

"काका, मला ह्यातलं कळत नाही. वाचक मंडळात तुम्ही ह्याच्यावर बोलणार आहात. चांगली आहे म्हणालात तर आणखी एक वर्ष लिहू देतो. नाहीतर सोमवारपासून दुकानात. झालं!"

"अरे, सोड माझ्यावर!" मी म्हणालो. ह्या वाक्यानं आजवर माझ्या हातून फार माणसं बुडाली आहेत.

आता आमच्या वाचक मंडळाचा रिवाज सांगतो. वक्त्यानं आधी पुस्तकाचे गुण सांगायचे, मग चहा आणि गिरमिट, म्हणजे आमच्याकडचे तिखट चुरमुरे, बरोबर मिरची-भजी, मग दोष. गिरमिट खाल्ल्यावर एक माणूस थांबत नाही, त्यामुळे दोष भिंती ऐकतात. चाळीस वर्षांत धारवाडच्या एकाही मराठी लेखकात दोष निघालेला नाही!

पण मी ठरवलं, उलटं करायचं. दोष आधी, गुण शेवटी. म्हणजे उमेश उठेल तो गोड तोंडानं! आणि माझं भाषण अर्धं टाकून कोण जातोय?

रविवारी तीनला सभा. पहिल्या रांगेत उमेश, मागं खांबाआड स्मृती. मी चढलो आणि सुटलो! "पान नव्वद. राजपुत्राचा डावा हात लढाईत तुटतो. पान दोनशे तीन. राजपुत्र तिला दोन्ही हातांनी मिठीत घेतो. तो हात उगवला कधी?" हशा! "ड्रॅगन पहिल्यांदा उडतो पान एकशे साठवर. तोवर नुसता बोलतो. मंडळाचा अध्यक्ष शोभला असता!" अध्यक्ष जागे झाले. "डोळे नीलमण्यासारखे. किती वेळा? एकतीस! मी मोजलेत!"

टाळ्या पडल्या. तेवढ्यात मिरची-भज्यांचा वास आला.

दहा मिनिटांत सभागृह असं रिकामं झालं, जशी धाड पडली! उमेशही चप्पल घालत होता.

"अरे उमेश, गुण राहिलेत की!"

"साडेचारला दुकान उघडायचंय काका. कळलं मला जे कळायचं ते."

उरलो आम्ही तिघं. मी, स्मृती आणि किल्ल्या घेऊन दारात उभा असलेला नागोजी. हा अळणावरकडचा, सभागृहाचा वॉचमन.

"अज्जा, आटपा की. कुलूप घालायचंय."

पण माझ्या पोटात गुण तसेच होते! मी सांगायला लागलो. पहिले दोन खरे होते. 'प्रेम' हा शब्द अख्ख्या पुस्तकात कुणी तोंडातून काढत नाही, हे मोठं कसब. ती रोज पहाटे त्याचे खवले पुसते, कारण रात्री तेच त्याचं अंग असतं, हे तर फारच सुंदर. पण तेवढ्यात नागोजी खाली बसला. समोर माणूस बसला की मला थांबता येत नाही! मी ड्रॅगनच्या म्हातारपणात शिरलो. त्याच्यातली आग विझलेली, रात्र झाली तरी आता तो माणूस होत नाही, आणि तसाच तो तिच्या दारात येतो... पुढं मी काय काय बोललो! नागोजीनं मुंडाशानं डोळे पुसले.

"यप्पा!" तो म्हणाला. "अक्का, हे पुस्तक द्या मला."

स्मृतीनं त्याला पुस्तक दिलं. मग माझ्याकडे बघत हळूच म्हणाली, "आजोबा, हे माझ्या पुस्तकात नाही."

मी तडक दुकान गाठलं. उमेश कापडाचे तागे लावत होता.

"उमेश, कादंबरी चांगली आहे. अगदी खरं सांगतो!"

"जाऊ दे काका. जन्मभर तुम्ही फुगवून सांगत आलात. आज पहिल्यांदा पानांचे नंबर देऊन बोललात, म्हणून तर विश्वास बसला."

मी आल्या पायी परतलो. सोमवारी स्मृती दुकानात बसली.

आठ दिवसांनी मी तिकडून जात होतो, तर नागोजी दुकानाच्या पायरीवर उभा. हातात पुस्तक.

"अक्का, सगळं वाचलं. दोनदा वाचलं. ते दारातलं ह्यात नाही हो. तो काय म्हणाला ते मला आठवेना, म्हणून शोधत होतो."

"नाही नागोजी अण्णा," ती म्हणाली. "ते लिहायचं राहिलं."

तो पुस्तक ठेवून गेला. मी मान खाली घालून सटकणार, तेवढ्यात तिनं हाक मारली. उमेश आत जेवत होता. तिनं एक कोरा कागद ओढला आणि पेन्सिल धरली. आठ दिवसांत पहिल्यांदा तिच्या चेहऱ्यावर जीव दिसला.

"आजोबा, ते मी लिहिणार. पुस्तक तिथंच संपायला हवं होतं. तो तिच्या दारात येतो, इथपर्यंत लक्षात आहे. पुढं मला रडू आलं, काही ऐकलंच नाही. दारात येऊन तो काय म्हणतो?"

मी घसा खाकरला, भाषणाआधी खाकरतो तसा.

"तो म्हणतो... थंडी वाजतेय."

"हे नसणार."

"मग... ओळखलंस का, असं काहीतरी?"

"नाही आजोबा. नागोजी अण्णा रडले, ते ह्याच्यावर नाही."

मी आणखी सात वाक्यं सांगितली. एकाहून एक फुसकी! सत्तर वर्षांत हजारो थापा मारल्या मी, एक कुठं लिहून ठेवली असेल तर शपथ.

गिऱ्हाईक आलं. स्मृतीनं पेन्सिल कानावर खोचली, मीटरपट्टी उचलली.

"या मावशी. अस्तर दाखवू?"

त्या कागदावर एकच ओळ होती. 'तो दारात आला आणि म्हणाला.'

पुढचं मला सुचलं नाही, म्हणून तिथंच पूर्णविराम पडला होता. हे फुगवून सांगत नाही, पान नंबर सांगू?