पाठमोरे सबनीसकाका

सबनीसकाका साडेतीन तास प्रवास करून फुटबॉलची मॅच बघायला जायचे आणि तिथे पोचले की मैदानाकडे पाठ करून बसायचे. पहिली रांग आणि रेलिंग यांच्यामधल्या जागेत ते स्वतःची घडीची खुर्ची टाकत, तोंड प्रेक्षकांकडे करत आणि मॅच संपेपर्यंत तसेच बसून राहत. डोक्याला माकडटोपी, ऊन असलं तरी. नवखे लोक त्यांना सिक्युरिटीवाले समजून तिकिटं दाखवायचे. काका ती चष्मा वर करून तपासायचे, परत द्यायचे आणि बाथरूम कुठे आहे तेही सांगायचे.

मी २००५ साली नागपूरहून अमेरिकेत मॉरिसव्हिलला आलो तेव्हा ते माझे शेजारी झाले. मी एकटा, शनिवारी मला काही काम नसायचं, आणि सबनीसकाकू तिखटमिठाच्या पुऱ्या फार सुंदर करायच्या. या तीन गोष्टींमुळे त्या सीझनला मी काकांचा ड्रायव्हर झालो. काकू स्वतः कधी यायच्या नाहीत. खेळाचं मला काही वाटत नाही, यांची भीती बघवत नाही, असं त्या डबा हातात देताना सांगायच्या.

भीती कशाची, तर अमेयची. हा काकांचा एकुलता एक, उशिरा झालेला मुलगा, डोंगरातल्या एका लहानशा कॉलेजात शिकत होता आणि तिथल्या टीममध्ये किकर होता. इथल्या फुटबॉलमध्ये चेंडू बहुतेक वेळ हातातच असतो. एकाने तो घेऊन पळायचं आणि बाकीच्यांनी त्याच्या अंगावर पडायचं, एवढंच मला पहिल्या दिवशी कळलं. किकरचं काम वेगळं. त्याने अधूनमधून मैदानात यायचं, लाथ मारायची आणि निघून जायचं. शाळेत सॉकर, म्हणजे आपला फुटबॉल, खेळलेल्या अमेयला ते जमलं. मला कुणी हातसुद्धा लावत नाही बाबा, तसा रूलच आहे, असं सांगून त्याने परवानगी मिळवली होती.

काकांनी रूलबुक मागवून दोनदा वाचलं. औषधाच्या डबीतला कागद वाचावा तसं, म्हणजे फक्त काय काय वाईट होऊ शकतं तेवढंच. लाथ मारताना किकरला धक्का देणं गुन्हा आहे, हे खरं निघालं. पण प्रत्येक डावाच्या सुरुवातीला किकर चेंडू लांब मारतो, समोरचा तो पकडून उलटा पळत येतो आणि तेव्हा किकर इतरांसारखाच एक खेळाडू असतो. त्याला कुणीही आडवं करू शकतं. त्या ओळीखाली काकांनी लाल पेनने रेघ मारली होती. ते पान त्यांनी मला पहिल्याच ड्राइव्हला वाचून दाखवलं आणि म्हणाले, “होऊ नये, पण झालं तर?”

हा त्यांचा आयुष्याला विचारलेला कायमचा प्रश्न होता. गाडीच्या डिकीत दोन स्टेपन्या, मानेचा पट्टा, बीपीचं मशीन, बर्फाच्या पिशव्या आणि एक फाइल असायची. फाइलमध्ये वाटेवरच्या प्रत्येक हॉस्पिटलचा रस्ता इंटरनेटवरून छापून घेतलेला. मी पासष्ट मैलांच्या वर गेलो की काका काही बोलायचे नाहीत, नुसती फाइल उघडून जवळचं हॉस्पिटल शोधायला लागायचे. मी मुकाट्याने स्पीड कमी करायचो.

स्टेडियमला पोचल्यावर पहिला मुक्काम गेटजवळच्या ॲम्ब्युलन्सपाशी. ऑक्सिजनचा सिलिंडर भरलेला आहे ना, ते बघितल्याशिवाय काका आत यायचे नाहीत. तिसऱ्या मॅचपर्यंत ॲम्ब्युलन्सचा ड्रायव्हर इतका शहाणा झाला की काका लांबून दिसताच दार उघडून काटा दाखवायचा.

काका मूळचे मिरजेचे. या देशात एकतीस वर्षं त्यांनी भूल देण्याचं काम केलं आणि आदल्या वर्षीच रिटायर झाले. माणसाला झोपवणं कुणालाही जमेल, पगार मिळतो तो उठवण्याचा, असं ते म्हणायचे. त्यामुळे अमेय मैदानात येऊन गेला की खुर्चीतून त्यांचा एकच प्रश्न यायचा. “उठला का?”

पहिल्यांदा मी म्हटलं, काका, तो पडलाच नव्हता हो. त्याने गोल मारलाय, आपल्याला तीन पॉइंट मिळालेत. काकांनी पॉइंट ऐकूनही घेतले नाहीत. पडला नव्हता म्हणजे उभाच आहे ना, एवढं पक्कं करून घेतलं. पुढे मीही शहाणा झालो. चेंडू कुठेही जावो, मी “उठला” म्हणायचो आणि काका एक सुस्कारा सोडायचे.

पण ते माझ्या एकट्याच्या भरवशावर नव्हते, हे मला उशिरा कळलं. समोरची दोन-तीन हजार माणसं काका वाचत असत. सगळ्यात जास्त ते लिंडाला वाचायचे. ही दुसऱ्या नंबरच्या किकरची आई. तिचा काइल वयाने लहान, पूर्ण सीझन बाकावरच बसून होता, अमेयला काही झालं तरच त्याला खेळायला मिळणार. ती तिसऱ्या रांगेत एकटीच बसायची. काकांना कॉफी आणून द्यायची. तिचा चेहरा अगदी स्वच्छ आहे, असं काका म्हणायचे. ओठ चावले म्हणजे चेंडू हवेत आहे, खांदे खाली आले म्हणजे सगळं ठीक. एकदा मी “उठला” म्हणायच्या आधीच काकांचा सुस्कारा आला, तेव्हा मला माझी नोकरी गेल्यासारखं वाटलं.

ऑक्टोबरच्या शेवटच्या मॅचला ते झालं.

अमेयने चेंडू लांब मारला. समोरच्यांच्या एका पोराने तो पकडला आणि आमच्या एकेकाला चुकवत तो थेट पळत सुटला. मध्ये फक्त अमेय उरला. मला वाटलं, तो बाजूला होईल. सोड ना यार, जाऊ दे त्याला, असं मी मनात म्हणत होतो. अमेय त्याला अडवायला धावला आणि बाजूने दुसराच एक धिप्पाड मुलगा येऊन त्याच्यावर आदळला. अमेय मानेवर पडल्यासारखा पडला. मग तो हललाच नाही.

स्टेडियम गप्प झालं. एवढी माणसं एकदम गप्प झालेली मी तोवर ऐकली नव्हती. काका माझ्याकडे बघत होते.

“उठला का?”

मी म्हणालो, “उठला, काका.”

असं का बोललो, ते मला अजून नीट सांगता येत नाही. मैदानात तीन माणसं बॅगा घेऊन धावत होती आणि मी खोटं बोलत होतो. काकांनी नजर माझ्यावरून काढून तिसऱ्या रांगेकडे नेली. लिंडा तोंडावर दोन्ही हात दाबून उभी होती.

“मग ती का रडतेय?” काका म्हणाले.

मला वाटलं, आता ते वळतील. ते वळले नाहीत. खुर्चीचे दोन्ही हात त्यांनी घट्ट धरले आणि एकदम वेगळ्याच, कोरड्या आवाजात मला विचारायला सुरुवात केली. डोळे उघडे आहेत का? दिसत नाही म्हटल्यावर, छाती हलतेय का? मान कुणी धरली आहे का? मी रेलिंगला चिकटून मला दिसेल ते सांगत होतो. पायांपाशी आल्यावर त्यांचा आवाज फाटला. ते म्हणाले, “पाय बघ. पाय हलतायत का, तेवढं सांग.” मी बघत राहिलो. उजवा बूट जरासा हलला. मला खात्री नव्हती, म्हणून मी गप्प राहिलो. पुन्हा खोटं बोलायची हिंमत नव्हती. मग अमेयने तो गुडघा वर घेतला. मग दुसरा.

“दोन्ही हलले,” मी म्हणालो. “काका, शपथ. दोन्ही.”

लिंडाने तोंडावरचे हात काढले आणि ती काकांकडे बघून जोरजोरात मान हलवायला लागली. टाळ्या सुरू झाल्या. मी काकांना बगलेत धरून उठवलं आणि आम्ही गेटकडे गेलो. ॲम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरने काही न विचारता त्यांना आत घेतलं.

अमेयचं कॉलरबोन मोडलं होतं. बाकी सगळं शाबूत. त्याचा सीझन संपला. काकू संध्याकाळच्या आत कुणाच्या तरी गाडीने हॉस्पिटलात येऊन पोचल्या आणि अमेयपाशी राहिल्या. काका बाहेर कॉफीच्या मशीनजवळ येऊन माझ्या शेजारी बसले. खोटं बोलल्याबद्दल मी माफी मागितली. ते म्हणाले, सोड रे, मीसुद्धा तेच केलं असतं.

मग आपणहून सांगायला लागले. ओहायोत, नोकरीच्या दुसऱ्या वर्षी, हर्नियाच्या साध्या ऑपरेशनला आलेला एक एकोणीस वर्षांचा मुलगा त्यांच्या टेबलावरून उठला नव्हता. चौकशी झाली, कुणाचीच चूक निघाली नाही. त्याची आई बाहेर बाकावर एकटी बसली होती. तिला सांगायला काका गेले. ते दारातून बाहेर आले, तेवढ्यात तिला त्यांच्या तोंडावरूनच कळलं.

“मला बोलायलाच लागलं नाही,” काका म्हणाले. “सकाळपासून ती तिथे एकटी होती, प्रशांत. तिच्या शेजारी जाऊन बसायचं आमच्यापैकी कुणाला सुचलं नव्हतं.”

मी त्यांच्यासाठी आणखी एक कॉफी आणली आणि ती त्यांनी प्यायली नाही.

पंधरा दिवसांनी पुढची मॅच होती. अमेय खेळणार नव्हता, त्यामुळे मी सकाळी निवांत पडलो होतो. सात वाजता बेल वाजली. दारात काका, माकडटोपी घालून, हातात डबा. अमेय टीमबरोबर मैदानाच्या कडेला उभा राहणार आहे, आपण गेलं पाहिजे, असं म्हणाले. त्या दिवशी त्यांनी खुर्ची गाडीतच ठेवली आणि माझ्या शेजारी पहिल्या रांगेत मैदानाकडे तोंड करून बसले. गळ्यात हात अडकवून उभा असलेला अमेय त्यांना समोरच दिसत होता. काका मला खेळाबद्दल एकामागून एक प्रश्न विचारत होते. कोणता रंग आपला, हेही त्यांना ठाऊक नव्हतं. एका पूर्ण सीझनमध्ये मी त्यांना इतकं हलकं बघितलं नव्हतं.

मग काइल मैदानात आला. ती त्याची पहिली किक.

आजूबाजूचे लोक ओरडून त्याला बळ देत होते. काका मागे वळले. लिंडा कपाळ गुडघ्यांवर टेकून, डोळे गच्च मिटून बसली होती. तिच्या दोन्ही बाजूंच्या जागा रिकाम्या होत्या. काका उठले. गुडघे दुखत होते, तरी एकेक पायरी चढत ते तिसऱ्या रांगेत गेले, टोपी काढली आणि तिच्या शेजारी बसले. मी आधाराला मागोमाग गेलो होतो, म्हणून मला ऐकू आलं.

हळू आवाजात, ऑपरेशनच्या आधी बोलत असतील तसे, ते तिला सांगत होते. तो आत आला आहे. तो उभा आहे. आता पावलं मोजतोय. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता, पण डोळे मैदानावरच होते. पापणीसुद्धा लवत नव्हती. आता मारली. तो उभाच आहे, कुणीही त्याच्या जवळ गेलेलं नाही. आता चालत परत येतोय. “ही इज ड्रिंकिंग वॉटर, लिंडा. अमेय गेव्ह हिम द बॉटल.”

लिंडाने डोकं वर न करता त्यांचा हात चाचपून धरला. चेंडू आत गेला की बाहेर, ते तिने विचारलं नाही आणि काकांनीही सांगितलं नाही.